नेटवर्कवरून व्हर्च्युअल मशीनला यूएसबी उपकरण जोडणे : यूएसबी/आयपीची पायरीपायरीने ओळख

व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला, प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क सॉफ्टवेअरमधून देता येतात, पण यूएसबी टोकन किंवा सिरियल कन्व्हर्टर कुठल्या तरी खऱ्या पोर्टातच लावावा लागतो. ते पोर्ट आणि ती व्हर्च्युअल मशीन एकाच संगणकावर असतील तर प्रश्न सोपा असतो. अडचण येते ती सीएच्या कार्यालयात सर्व्हर एका खोलीत आणि डिजिटल सहीचे टोकन दुसऱ्या टेबलावर असते तेव्हा, किंवा कारखान्यात यंत्राशी बोलणारा कन्व्हर्टर शॉप फ्लोअरवर आणि सॉफ्टवेअर चालवणारी मशीन डेटा सेंटरमध्ये असते तेव्हा. अशा वेळी यूएसबीची वाहतूक नेटवर्कवरून न्यावी लागते. लिनक्समध्ये त्यासाठी यूएसबी/आयपी ही विनामूल्य सोय आहे आणि हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे. टर्मिनल उघडून कमांड देण्याचा थोडाफार सराव वाचकाला आहे, एवढेच येथे गृहीत धरले आहे.

वाचण्यापूर्वी एक सूचना. या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना अक्षरे आणि अंक दोन्ही रोमन लिपीत द्यावेत, आणि वेगळे सांगितलेले नसेल तिथे अक्षरे लहानच ठेवावीत.

आधी याची गरज आहे का ते ठरवा

बऱ्याच जणांना नेटवर्कवरच्या यूएसबीची गरजच नसते. व्हर्च्युअल मशीन समोरच्याच संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स या प्रोग्राममध्ये चालत असेल, तर तिच्या सेटिंग्जमध्ये यूएसबी फिल्टर जोडला की काम होते. आवृत्ती ७.० पासून यूएसबी २ आणि ३ चे कंट्रोलर मूळ पॅकेजमध्येच मिळतात, त्यासाठी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागत नाही. यजमान संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालते तो खरा संगणक, लिनक्सचा असेल तर आपला वापरकर्ता व्हीबॉक्सयूजर्स या गटात घालायला मात्र विसरू नये, कारण तसे नसले तर उपकरणांची यादी रिकामीच दिसते. सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समध्ये उपकरण यजमान संगणकालाच लावलेले असेल, तर मशीनच्या हार्डवेअर पानावरून ते थेट देता येते. तिथे उपकरण निर्मात्याच्या क्रमांकावरून निवडता येते किंवा पोर्टवरून. एकाच कंपनीची दोन सारखी टोकने लावली असतील तर दोघांचे क्रमांक तंतोतंत सारखे असतात, म्हणून तिथे पोर्टवरूनच निवड करावी.

दुसरा पर्याय रिमोट डेस्कटॉपचा. टोकन आपल्या लॅपटॉपला लावलेले आहे आणि दूरच्या विंडोज मशीनवर आपण आरडीपीने (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने) जातो, अशी स्थिती असेल तर जोडणीच्या खिडकीतील लोकल रिसोर्सेस या भागात स्मार्ट कार्डचा पर्याय चालू करणे अनेकदा पुरेसे ठरते. टोकनचे सॉफ्टवेअर मात्र दूरच्या मशीनवरही बसवलेले असावे लागते.

हे दोन्ही मार्ग लागू पडत नसतील, म्हणजे उपकरण एका संगणकाला आणि व्हर्च्युअल मशीन दुसऱ्याच संगणकावर किंवा क्लाउडमध्ये असेल, किंवा मशीन एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवली जात असेल, तर यूएसबी/आयपीकडे वळावे. शेवटच्या परिस्थितीत तर त्याचा मोठा फायदा होतो. जोडणी व्हर्च्युअल मशीनच्या आतून, तिच्याच आयपी पत्त्यावरून झालेली असल्यामुळे मशीन चालू अवस्थेत दुसऱ्या यजमानावर गेली तरी तिला कोणत्याही एका यजमानाच्या पोर्टात अडकून राहावे लागत नाही.

आतमध्ये नेमके काय घडते

यूएसबी/आयपीचे मूळ जपानमधील नारा विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत ताकाहिरो हिरोफुची यांनी केलेल्या संशोधनात आहे. त्यांनी २००५ मध्ये युझनिक्सच्या परिषदेत त्यावरचा शोधनिबंध मांडला. पुढे हे काम लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, अजून पक्क्या न झालेल्या भागांसाठीच्या कच्च्या विभागात आले आणि २०१४ मध्ये आवृत्ती ३.१७ सोबत मुख्य कर्नेलचा भाग झाले. त्यामुळे आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत ते आयते मिळते.

त्याचे काम असे चालते. उपकरण ज्या संगणकाला लावलेले आहे त्याला सर्व्हर म्हणतात आणि ते वापरणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला क्लायंट. डेटा सेंटरमधल्या बड्या सर्व्हरवर चालणारी मशीन येथे क्लायंट असते आणि टेबलावरचा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक सर्व्हर असतो. नवशिक्यांचा पहिला घोटाळा येथेच होतो. सर्व्हरवर यूएसबीआयपी-होस्ट हे कर्नेल मॉड्यूल (कर्नेलला जोडता येणारा भाग) उपकरणाचा ताबा घेते. क्लायंटवर व्हीएचसीआय-एचसीडी हे मॉड्यूल एक काल्पनिक यूएसबी कंट्रोलर उभा करते. व्हर्च्युअल मशीनमधला ड्रायव्हर उपकरणाकडे जी जी मागणी करतो, ती हा काल्पनिक कंट्रोलर टीसीपी पाकिटात भरून सर्व्हरच्या ३२४० क्रमांकाच्या नेटवर्क पोर्टवर पाठवतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. खरा ड्रायव्हर व्हर्च्युअल मशीनमध्येच चालतो. सर्व्हरला उपकरण काय आहे हे कळण्याचीही गरज नसते.

यावरून लक्षात ठेवण्याची मुख्य गोष्ट निघते. यूएसबी/आयपी म्हणजे यूएसबीची वायर नेटवर्कइतकी लांब करणे. उपकरण अनेकांना वाटून देण्याची ती सोय नाही. प्रिंटर शेअर केल्यावर पाच जण एकाच वेळी छपाई पाठवू शकतात, तसे येथे होत नाही. वायरचे टोक एका वेळी एकाच मशीनमध्ये असू शकते. शिवाय ही वायर उघडी आहे : या व्यवस्थेत पासवर्ड नाही आणि कूटबद्धीकरणही नाही. ज्याला ३२४० पोर्टपर्यंत पोहोचता येते त्याला उपकरण जोडून घेता येते. पुढच्या पायऱ्यांपैकी निम्म्या पायऱ्या या दोन गोष्टी सांभाळण्यासाठीच आहेत.

कोणती उपकरणे चालतात याबाबत साधा अंदाज असा, की थोडी माहिती थांबून थांबून देणारी उपकरणे उत्तम चालतात : सहीची टोकने, परवान्याचे डोंगल, सिरियल कन्व्हर्टर, बारकोड स्कॅनर, साधे प्रिंटर. वेबकॅम आणि ध्वनीची उपकरणे ठरावीक क्षणी माहिती पोहोचेल या भरवशावर चालतात, त्यामुळे स्थानिक नेटवर्कवरही ती अडखळतात आणि इंटरनेटवरून त्यांचा नाद सोडलेला बरा. पेन ड्राइव्ह आणि हार्ड डिस्क तांत्रिकदृष्ट्या चालतात, पण फाइल नेण्यासाठी साधा नेटवर्क फोल्डर अधिक वेगवान आणि अधिक सुरक्षित असतो. मध्येच नेटवर्क गेले तर डिस्कवरची फाइलव्यवस्था बिघडू शकते.

साहित्य

उदाहरणासाठी सर्व्हर म्हणून रास्पबेरी पाय ४ आणि त्यावर रास्पबेरी पाय ओएस, तर क्लायंट म्हणून उबुंटू किंवा डेबियन चालवणारी व्हर्च्युअल मशीन घेऊ. जुना लॅपटॉप किंवा कोणताही लिनक्स संगणकही सर्व्हर म्हणून चालतो. उपकरण म्हणून एफटीडीआय कंपनीच्या चिपचा सर्वत्र मिळणारा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घ्यावा. सराव टोकनावर करू नये, कारण चुकीचा पिन ठरावीक वेळा दिला गेला की टोकन कुलूपबंद होते.

दोन बारीक गोष्टी पुढचा बराच त्रास वाचवतात. रास्पबेरी पाय ४ च्या चारही पोर्टांना मिळून १.२ अँपिअरपर्यंतच वीज मिळते, म्हणून तीन-चार उपकरणे लावायची असल्यास स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब वापरावा. आणि सर्व्हर वाय-फायवर न ठेवता लॅनच्या केबलने जोडावा, कारण वाय-फायचा क्षणभराचा खंड यूएसबी/आयपीला उपकरण उपटल्यासारखा वाटतो. राउटरमध्ये या सर्व्हरला कायमचा आयपी पत्ताही नेमून द्यावा. येथे तो १९२.१६८.१.५० आहे असे धरू.

पहिली पायरी : सर्व्हर तयार करणे

रास्पबेरी पायच्या टर्मिनलवर आधी साधने बसवावीत :

सुडो एपीटी इन्स्टॉल यूएसबीआयपी

उबुंटूचा संगणक सर्व्हर असेल तर हीच साधने लिनक्स-टूल्स-जेनेरिक या पॅकेजमध्ये मिळतात. त्यानंतर मॉड्यूल चढवावे आणि मगच सेवा सुरू करावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण मॉड्यूल नसताना सेवा सुरू केली तर ती मॉड्यूल चढवा असा संदेश देऊन बंद पडते.

सुडो मॉडप्रोब यूएसबीआयपी-होस्ट

सुडो यूएसबीआयपीडी -डी

येथे डी हे अक्षर मोठे आहे; त्याने सेवा पार्श्वभूमीत चालू राहते. आता उपकरण लावून यादी पाहावी :

सुडो यूएसबीआयपी लिस्ट -एल

पडद्यावर बसआयडी १-१.२ आणि कंसात ०४०३:६००१ अशी ओळ दिसेल, आणि तिच्याखाली एफटीडीआयचे पूर्ण नाव. कंसातील पहिला आकडा निर्मात्याचा आणि दुसरा उपकरणाच्या नमुन्याचा. बसआयडी मात्र उपकरणाचा नसून जागेचा पत्ता आहे : पहिली बस, तिचे पहिले पोर्ट, त्यावरील अंतर्गत हबचे दुसरे पोर्ट. उपकरण त्याच भोकात राहिले तर बसआयडी तोच राहतो, शेजारच्या भोकात गेले की बदलतो. म्हणून कार्यालयात अनेक टोकने असतील तर प्रत्येक पोर्टाशेजारी छोटी चिठ्ठी चिकटवून त्यावर बसआयडी लिहून ठेवावा. ही युक्ती फारच साधी वाटते, पण सारख्या दिसणाऱ्या चार टोकनांपैकी संचालकांचे कोणते हे ओळखण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.

दुसरी पायरी : उपकरण देऊ करणे

सुडो यूएसबीआयपी बाइंड -बी १-१.२

कम्प्लीट या शब्दाने संपणारी ओळ आली की उपकरण नेटवर्कवर देण्यास सिद्ध झाले. त्याच क्षणी सर्व्हरवरून त्याचा नेहमीचा ड्रायव्हर सुटतो. आतापर्यंत डेव्ह फोल्डरमध्ये दिसणारे टीटीवाययूएसबी० हे सिरियल पोर्टचे नाव नाहीसे होते, आणि नवखा माणूस येथे हमखास घाबरतो. तसे झाले म्हणजे सर्व सुरळीत चालले आहे असेच समजावे. उपकरण पुन्हा सर्व्हरवरच वापरायचे असल्यास बाइंडऐवजी अनबाइंड लिहून तीच कमांड द्यावी.

तिसरी पायरी : व्हर्च्युअल मशीनमधून जोडणे

व्हर्च्युअल मशीनमध्येही वरीलप्रमाणे साधने बसवावीत आणि काल्पनिक कंट्रोलर चढवावा :

सुडो मॉडप्रोब व्हीएचसीआय-एचसीडी

मॉड्यूल सापडले नाही असे उत्तर आले तर बहुधा मशीनमध्ये क्लाउडसाठी छाटलेले कर्नेल असते. उबुंटूवर चालू कर्नेलच्या आवृत्तीचे लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा पॅकेज बसवावे. डेबियनवर क्लाउड कर्नेलच्या जागी सर्वसाधारण कर्नेल बसवून मशीन पुन्हा सुरू करावी. व्हर्च्युअल मशीनऐवजी यजमानाचेच कर्नेल वापरणारा एलएक्ससी कंटेनर वापरत असाल तर त्याच्या आतून मॉड्यूल चढणार नाही, कारण कंटेनरला स्वतःचे कर्नेल नसते. ते काम यजमानावर करावे लागते.

आता सर्व्हर काय देऊ करतो ते पाहून जोडणी करावी :

सुडो यूएसबीआयपी लिस्ट -आर १९२.१६८.१.५०

सुडो यूएसबीआयपी अटॅच -आर १९२.१६८.१.५० -बी १-१.२

दुसरी कमांड यशस्वी झाली तर ती काहीच न बोलता संपते. खात्रीसाठी एलएसयूएसबी ही कमांड द्यावी. यादीत ०४०३:६००१ दिसले पाहिजे. कर्नेलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसेज या कमांडच्या शेवटच्या ओळींत नवे उपकरण सापडल्याची आणि त्याला टीटीवाययूएसबी० हे नाव मिळाल्याची नोंद असते. येथून पुढे व्हर्च्युअल मशीनला उपकरण स्वतःच्याच पोर्टात लावल्यासारखे वाटते. सिरियल पोर्ट उघडताना परवानगी नाकारली गेली तर दोष यूएसबी/आयपीचा नसून आपला वापरकर्ता डायलआउट गटात नसण्याचा आहे.

काम संपल्यावर यूएसबीआयपी पोर्ट ही कमांड दिली की जोडलेल्या उपकरणांचे क्रमांक दिसतात, आणि पहिल्या उपकरणासाठी सुडो यूएसबीआयपी डिटॅच -पी ०० असे लिहून ते सोडता येते. उपकरण सोडल्याशिवाय खऱ्या पोर्टातून ओढून काढू नये, आणि जोडलेले असताना मशीनचा स्नॅपशॉटही (त्या क्षणीच्या स्थितीची साठवलेली प्रत) घेऊ नये. स्नॅपशॉट परत उभा केला की मशीनला जुनी टीसीपी जोडणी अजून जिवंत आहे असे वाटते, सर्व्हरला तसे वाटत नाही, आणि दोघांच्या या मतभेदात उपकरण लटकते.

चौथी पायरी : दार बंद करणे

येथवर सगळे चालले म्हणून थांबू नये. यूएसबीआयपीडी ही सेवा संगणकाच्या सर्व पत्त्यांवर ऐकत असते आणि तिला एकाच पत्त्यापुरते बांधण्याचा पर्याय तिच्या कमांडमध्ये नाही. म्हणजे कार्यालयाच्या वाय-फायवर आलेला कोणताही पाहुणा वरच्या दोन कमांड देऊन आपले उपकरण स्वतःकडे खेचू शकतो. ही वाहतूक कूटबद्ध नसल्यामुळे मध्ये बसलेल्याला ती वाचताही येते. ज्या टोकनांत पिन स्वतंत्रपणे कूटबद्ध होत नाही, त्यांचा पिनही तिच्यातून उघडा जातो.

म्हणून दोन कामे करावीत. पहिले फायरवॉलचे. सर्व्हरवर यूएफडब्ल्यू हे फायरवॉलचे साधन बसवून आधी एसएसएचला, म्हणजे दुरून टर्मिनल वापरण्याच्या कूटबद्ध जोडणीला, परवानगी द्यावी, नाहीतर फायरवॉल चालू करताच आपणच बाहेर राहू. मगच ती चालू करावी.

सुडो यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच

सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

ओपनएसएसएचमधील पहिला ओ आणि एसएसएच ही अक्षरे मोठी लिहावीत. आता ३२४० पोर्ट बाहेरून बंद झाले, सर्व्हरच्या स्वतःच्या आत मात्र ते चालू आहे. दुसरे काम म्हणजे त्या आतल्या पोर्टापर्यंत एसएसएचचा बोगदा नेणे. व्हर्च्युअल मशीनवर ही कमांड देऊन ती खिडकी चालू ठेवावी :

एसएसएच -एन -एल ३२४०:१२७.०.०.१:३२४० पाय@१९२.१६८.१.५०

एन आणि एल ही दोन्ही अक्षरे मोठी, आणि पायच्या जागी सर्व्हरवरील आपल्या वापरकर्त्याचे नाव. यानंतर तिसऱ्या पायरीतील लिस्ट आणि अटॅच या कमांडमध्ये सर्व्हरच्या पत्त्याऐवजी १२७.०.०.१, म्हणजे मशीनचा स्वतःचाच आतला पत्ता, लिहावा. वाहतूक आता कूटबद्ध झाली आणि ज्याला सर्व्हरवर एसएसएचने येता येते त्यालाच उपकरण मिळते.

व्हर्च्युअल मशीन क्लाउडमध्ये आणि सर्व्हर घरी किंवा कार्यालयात असेल तर बोगदा उलट दिशेने काढावा. आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे बाहेरून आत येता येत नाही. आतून बाहेर मात्र जाता येते. अशा वेळी रास्पबेरी पायवरून, एलच्या जागी मोठा आर घालून, क्लाउडमधील मशीनकडे एसएसएच करावे. मशीनवर ३२४० पोर्ट तिच्या आतल्या पत्त्यावर उघडते आणि तिथून १२७.०.०.१ कडे अटॅच करता येते. क्लाउडच्या फायरवॉलमध्ये ३२४० साठी काहीही उघडावे लागत नाही, आणि उघडूही नये. रोजच्या वापरासाठी हा बोगदा सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) सेवेत घालून तुटल्यास पुन्हा सुरू होईल अशी व्यवस्था करावी. ज्यांच्याकडे आधीच वायरगार्ड हे व्हीपीएन (कूटबद्ध खासगी नेटवर्क) आहे त्यांनी बोगद्याच्या भानगडीत न पडता वायरगार्डच्या पत्त्यांपुरते ३२४० उघडले तरी चालते, आणि उपकरणे अनेक असतील तर मी तोच मार्ग सुचवेन.

पाचवी पायरी : रीबूटनंतरही चालू राहील असे करणे

मॉड्यूल, सेवा, बाइंड आणि अटॅच यांपैकी काहीच रीबूटनंतर आपोआप परत येत नाही. मॉड्यूलचे नाव इटीसी फोल्डरातील मॉड्यूल्स-लोड.डी मध्ये एका छोट्या फाइलीत लिहून ठेवावे. सेवेसाठी सिस्टमडीची स्वतःची युनिट फाइल लिहावी. तिच्यात यूएसबीआयपीडी ही कमांड -डी शिवाय चालवावी, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणे सिस्टमडीला सोपे जाते. बाइंडची कमांड त्याच फाइलीत सेवा सुरू झाल्यानंतरच्या टप्प्यावर घालता येते.

उपकरण काढून पुन्हा लावले तर बाइंड टिकेलच असे धरून चालू नये. वारंवार काढ-घाल होणार असेल तर युडेव्हचा (उपकरण लागताच ठरलेले काम करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेचा) एक नियम लिहावा : यूएसबी उपकरण लागले, त्याचा निर्माता ०४०३ आणि नमुना ६००१ असेल, तर त्या बसआयडीवर बाइंड चालवावे. नियमात बसआयडीच्या जागी टक्केचिन्ह आणि के लिहिले की युडेव्ह तो स्वतः भरतो. हा नियम त्या नमुन्याची सगळी उपकरणे देऊ करतो हे मात्र ध्यानात असावे. टोकनांसाठी असा सरसकट नियम लिहू नये.

क्लायंटच्या बाजूला यूएसबी/आयपी स्वतःहून पुन्हा जोडत नाही. नेटवर्क गेले की उपकरण नाहीसे होते आणि नेटवर्क आल्यावरही परत येत नाही. त्यासाठी सिस्टमडीचा टायमर दर मिनिटाला यूएसबीआयपी पोर्ट पाहील आणि यादी रिकामी असेल तर अटॅच देईल, एवढी चार ओळींची स्क्रिप्ट पुरते.

उपकरण विंडोज संगणकाला लावलेले असेल तर

विंडोजवर सर्व्हरचे काम यूएसबीआयपीडी-विन हा मुक्त स्रोत प्रकल्प करतो. विंडोजमध्ये लिनक्स चालवणारी डब्ल्यूएसएल २ ही मुळात व्हर्च्युअल मशीनच असल्यामुळे तिला यूएसबी देण्यासाठी मायक्रोसॉफ्टची कागदपत्रेही याच प्रकल्पाकडे बोट दाखवतात. बसवल्यानंतर प्रशासक म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये यूएसबीआयपीडी लिस्ट दिल्यास बसआयडी दिसतात. मग यूएसबीआयपीडी बाइंड --बसआयडी ४-२ आणि त्यानंतर यूएसबीआयपीडी अटॅच --डब्ल्यूएसएल --बसआयडी ४-२. बाइंडला प्रशासकाचे अधिकार लागतात आणि ते रीबूटनंतरही टिकते. अटॅचला ते अधिकार लागत नाहीत, पण ते प्रत्येक वेळी द्यावे लागते. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत यूएसबीआयपीडी डब्ल्यूएसएल अशी सुरुवात असलेल्या कमांड आढळतात. त्या आवृत्ती ४ पासून काढून टाकल्या आहेत. इन्स्टॉलर विंडोजच्या फायरवॉलमध्ये स्थानिक सबनेटसाठी परवानगीचा नियमही घालतो. फक्त डब्ल्यूएसएलपुरता वापर असेल तर तो नियम उघडून पाहावा आणि आवळावा.

व्हर्च्युअल मशीनच विंडोजची असेल तर क्लायंटचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. जो ड्रायव्हर विंडोजला टेस्ट साइनिंग मोडमध्ये (अधिकृत सही नसलेले ड्रायव्हरही चालू देणाऱ्या अवस्थेत) न्यायला सांगतो, तो हिशेबाच्या किंवा बँकेच्या मशीनवर बसवू नये. अशा ठिकाणी व्हर्च्युअलहिअरसारखे सशुल्क साधन घेणे योग्य. त्याचा सर्व्हर रास्पबेरी पायवरही चालतो आणि एक उपकरण विनामूल्य देऊन आधी पारखता येते. केवळ हेच काम करणारे तयार नेटवर्क हबही बाजारात मिळतात.

डिजिटल सहीच्या टोकनांविषयी

विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनला टोकन जोडले, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते दिसते, तरी सही करताना सॉफ्टवेअर टोकन लावा असेच म्हणत राहते, ही तक्रार वारंवार येते. कारण बहुधा आरडीपी असते. आरडीपीच्या सत्रात विंडोज स्मार्ट कार्डाचा शोध त्या दूरच्या मशीनमध्ये घेत नाही, आपण ज्या संगणकासमोर बसलो आहोत त्याच्यात घेते. त्यामुळे मशीनला जोडलेले टोकन त्या सत्रापुरते अदृश्य असते. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवून यात काहीही फरक पडत नाही. प्रॉक्समॉक्सच्या कन्सोलमधून किंवा व्हीएनसीने (दुरून पडदा दाखवणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने) त्याच मशीनवर गेले की टोकन दिसू लागते. किंवा मग यूएसबी/आयपी बाजूला ठेवून टोकन स्वतःच्या लॅपटॉपला लावावे आणि आरडीपीलाच ते पुढे नेऊ द्यावे.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपल्या खासगी किल्लीवर नियंत्रण राखण्यासाठी वाजवी काळजी घेणे ही प्रमाणपत्रधारकाची जबाबदारी आहे. दहा अशिलांची टोकने एका हबात कायमची लावून ती सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मशीनना खुली ठेवणे तांत्रिकदृष्ट्या सहज जमते, आणि नेमके म्हणूनच तसे करू नये. ज्याचे टोकन त्याने सही करण्यापुरते ते बाइंड करावे किंवा आपल्या देखत करवून घ्यावे, काम होताच अनबाइंड करावे, आणि पिन कोणत्याही स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवू नये.

अडले तर कुठे पाहावे

कमांडच सापडत नाही असे उत्तर आल्यास ती सुडोसह दिली का ते पाहावे, कारण डेबियनवर ही साधने एसबिन फोल्डरात असतात आणि साध्या वापरकर्त्याच्या शोधमार्गात तो फोल्डर नसतो. लिस्ट -आरला काहीच उत्तर न येता कमांड अडकून राहिली तर अडथळा फायरवॉलचा आहे. जोडणी लगेच नाकारली गेली तर सेवा चालू नाही. देण्यासारखे उपकरण नाही असा संदेश आला तर एक तर बाइंड राहिले आहे, किंवा उपकरण आधीच दुसऱ्या मशीनने घेतलेले आहे, कारण घेतलेले उपकरण यादीत दाखवले जात नाही. अटॅच करताना व्हीएचसीआय-एचसीडी चढवले आहे का असा प्रश्न विचारला गेला तर तिसऱ्या पायरीकडे परत जावे.

उपकरण जोडले जाते पण काही मिनिटांनी गळते, ही तक्रार असेल तर आधी सर्व्हरवरचा डीमेसेज वाचावा. तिथेही उपकरण सुटल्याची नोंद असेल तर दोष विजेचा किंवा केबलचा आहे. तिथे उपकरण शांतपणे जागेवर असेल आणि केवळ क्लायंटने ते गमावले असेल तर दोष नेटवर्कचा किंवा बोगद्याचा; एसएसएचमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल १५ सेकंद ठेवल्यास निष्क्रिय बोगदा मधल्या राउटरकडून तोडला जाणे बहुधा थांबते. दोन्हीकडे काहीच नोंद नसेल, तर तेच उपकरण थेट एखाद्या संगणकाला लावून पाहावे.